प्रतल तरंगाचं समीकरण वाचायचं कसं?

साताऱ्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलं आहे: ‘सर, दोरीवरच्या तरंगाचं सूत्र मला कळतं. पण तीन मितींत गेलं की त्यात के·आर येतं, के एकदम सदिश होतो, कॉसच्या जागी ई चा आयवाला घात येतो आणि तिथे माझा धागा तुटतो. याला प्रतल तरंग का म्हणायचं? काल्पनिक संख्या खऱ्या तरंगात कुठून आली? आणि सगळ्या अवकाशभर पसरलेला असा तरंग प्रत्यक्षात कधी असतो का?’

माझं काम भूकंपाच्या नोंदी वाचण्याचं. बरीच वर्षं ते कोयना-कराड पट्ट्यातच झालं. प्रतल तरंग तिथे रोज हाताशी लागतो, म्हणून उदाहरणंही तिथलीच देतो. चिन्हं वर्गात म्हणतो तशीच लिहितो: के, आर, ओमेगा, टी. आर म्हणजे जागा, टी म्हणजे वेळ, साय म्हणजे त्या जागी त्या क्षणी झालेलं आंदोलन आणि ए म्हणजे आयाम, त्या आंदोलनाचा सगळ्यात मोठा हेलकावा. के आणि ओमेगा काय ते पुढे येईलच. सूत्र असं:

साय = ए × कॉस(के·आर − ओमेगा·टी)

हे सूत्र वाचताना ‘कॉस’कडे आधी बघू नकोस, कंसात काय आहे ते बघ. कंसातला आकडा म्हणजे फेज. अमुक ठिकाणी, अमुक क्षणी आंदोलन आपल्या फेऱ्यात कुठवर पोचलंय हे तो रेडियनमध्ये सांगतो. तो २ पायने वाढला की एक फेरा पुरा. कॉस काय किंवा ई चा घात काय, दोघंही या आकड्याला फक्त आंदोलनाचं रूप देतात. तरंगाची दिशा, वेग, तरंगलांबी, सीमेवर तो कसा वळेल, हे सगळं फेजमध्येच लिहिलेलं असतं. तुझा धागा तुटतो कारण पुस्तक कॉसवरून ई वर उडी मारतं आणि फेज तसाच मागे राहतो. आपण तोच धरून पुढे जाऊ.

दोरीचं प्रकरण तुला येतं, त्यामुळे तिथे थांबत नाही. फेज = के·एक्स − ओमेगा·टी. एक मीटर पुढे गेलीस तर फेज के रेडियनने वाढतो, एका जागी उभी राहून एक सेकंद थांबलीस तर ओमेगा रेडियनने कमी होतो. फेज बदलू नये असं वाटत असेल तर तरंगाबरोबर ओमेगा भागिले के या वेगाने पळत राहायचं. दालांबेर यांनी १७४७ मध्ये दोरीच्या समीकरणाची उकल काढली तेव्हा दिसलं की (एक्स − व्ही·टी) या एकाच जोडीतून (व्ही म्हणजे तरंगाचा वेग) बनलेला कोणताही आकार तसाच्या तसा पुढे सरकत जातो. कॉस हा त्यातला एक आकार.

आता तीन मिती. माध्यम सगळीकडे सारखंच आहे असं मानलंय. मग एक मीटर सरकल्यावर फेज किती बदलावा हे या कोपऱ्यात एक आणि त्या कोपऱ्यात दुसरं असायचं काही कारण नाही. म्हणजे फेज हे जागेचं सरळ, रेषीय फल असायला हवं:

फेज = के-एक्स × एक्स + के-वाय × वाय + के-झेड × झेड − ओमेगा × टी

के-एक्स म्हणजे पूर्वेकडे एक मीटर गेल्यावर फेज किती वाढतो. के-वाय म्हणजे उत्तरेकडे गेल्यावर किती, के-झेड म्हणजे वर गेल्यावर किती. तीन दिशांना वाढीचे तीन दर, आणि ते तीन मिळून एक सदिश. त्यालाच के सदिश म्हणतात. गणिताच्या भाषेत के हा फेजचा ग्रेडियंट आहे, आणि के·आर हा त्या तीन गुणाकारांची बेरीज लिहायचा आटोपशीर मार्ग. तो आकाशातून पडलेला नाही.

‘प्रतल’ कुठून आलं तेही इथेच दिसतं. एका क्षणाला घड्याळ थांबव आणि ज्या ज्या बिंदूंवर फेज सारखा आहे ते सगळे गोळा कर. के-एक्स × एक्स + के-वाय × वाय + के-झेड × झेड = स्थिरांक. हे बारावीच्या सदिश प्रकरणातलं प्रतलाचं समीकरण आहे आणि के त्या प्रतलाचा लंब. प्रतलातल्या प्रतलात कुठेही सरकलीस तर तुझं सरकणं के ला काटकोनात असतं, अदिश गुणाकार शून्य येतो, फेज जागचा हलत नाही. प्रतलाला काटकोनात सरकलीस तर तो सगळ्यात वेगाने बदलतो. अशी एकामागे एक, समांतर, समान अंतरावरची प्रतलं के च्या दिशेने चाललेली असतात. लगतच्या दोन सारख्या प्रतलांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी, २ पाय भागिले के चं परिमाण.

इथे एक गाठ बहुतेकांना बसते आणि ती पुस्तकात क्वचितच सोडवलेली असते: तरंगलांबीलाच सदिश का नाही करत? के ऐवजी तिचेच घटक पाडले तर काय बिघडतं? आकडे घेऊन बघू. के = (३, ४, ०) रेडियन प्रति मीटर. परिमाण ५, म्हणून तरंगलांबी २ पाय भागिले ५, साधारण १.२६ मीटर. आता फक्त एक्स अक्षावरून चालत जा. फेज दर मीटरला ३ रेडियनने वाढतो, म्हणजे एक फेरा पुरा व्हायला २.०९ मीटर लागतात. वाय अक्षावरून गेलीस तर १.५७ मीटर. झेडवरून गेलीस तर फेज बदलतच नाही, तरंगलांबी अनंत. अक्षांवर मोजलेल्या या लांब्या खऱ्या तरंगलांबीपेक्षा मोठ्या आहेत, आणि सदिशाचे घटक कधी मूळ सदिशाहून मोठे नसतात. तरंगलांबीची वजाबाकी-बेरीज सदिशासारखी होत नाही, तिच्या व्यस्ताची होते.

ऊस लावलेल्या रानात हे पायाने मोजता येतं. सरी साडेचार फुटांची असेल तर सऱ्यांना काटकोनात चालताना दर साडेचार फुटांना एक सरी ओलांडावी लागते. बांध तिरका असेल, काटकोनाच्या दिशेपासून ६० अंश कललेला, तर त्याच बांधावरून जाताना दर नऊ फुटांना एक सरी लागेल. अंतर वाढलं, दर फुटाला लागणाऱ्या सऱ्यांची संख्या मात्र निम्मी झाली, म्हणजे कॉस ६० पटीने. घटक पडतात ते या संख्येचे. के हीच ती संख्या आहे, फक्त २ पायने गुणलेली.

लांबी वाढते तसाच वेगही वाढलेला दिसतो. ओमेगा तोच आहे आणि के-एक्स हा के पेक्षा लहान, त्यामुळे ओमेगा भागिले के-एक्स हा भागाकार तरंगाच्या खऱ्या वेगापेक्षा मोठा येतो. त्याला भासमान वेग म्हणतात. यात कोणता नियम मोडत नाही, कारण अक्षावरून पळणारा तो फेजचा छेद आहे, कुठला पदार्थ किंवा ऊर्जा त्या वेगाने अक्षावरून जात नाही. माझ्या कामात मात्र हाच भासमान वेग सगळ्यात आधी हाती येतो. कसा, ते सविस्तर सांगतो, कारण के सदिश म्हणजे काय हे मला नीट उमगलं ते असल्याच हिशेबांतून.

समजा कराडजवळ तीन भूकंपमापक आहेत. पहिला कराडात, दुसरा त्याच्या बरोबर पूर्वेला ६ किलोमीटरवर, ओगलेवाडीच्या अंगाला. तिसरा बरोबर उत्तरेला ८ किलोमीटरवर, उंब्रजच्या दिशेला. लांब कुठेतरी मोठा भूकंप झाला आणि त्याचा पहिला तरंग या तिन्हींवरून गेला. तिन्ही नोंदी एकाखाली एक लावल्या की एकच नक्षी थोडी मागेपुढे सरकलेली दिसते. नोंदी एकमेकींवर सरकवून नक्षी जुळवायची आणि किती सरकवावं लागलं ते लिहून घ्यायचं. उदाहरणासाठी धरू की पूर्वेच्या यंत्रावर तरंग कराडच्या ०.४३ सेकंद आधी आला आणि उत्तरेच्या यंत्रावर ०.३४ सेकंद उशिरा.

फेज = के·आर − ओमेगा·टी. एकच नक्षी म्हणजे एकच फेज, म्हणून उशीर = (के भागिले ओमेगा)·आर. के भागिले ओमेगा या सदिशाला आमच्याकडे मंदता सदिश म्हणतात, एकक सेकंद प्रति किलोमीटर. त्याचा पूर्वेकडचा घटक = −०.४३ भागिले ६ = −०.०७१७. उत्तरेकडचा = ०.३४ भागिले ८ = ०.०४२५. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: ०.०८३ सेकंद प्रति किलोमीटर. उलटवलं की भासमान वेग १२ किलोमीटर प्रति सेकंद. दिशा बघ: पूर्वेचा घटक ऋण, उत्तरेचा धन, म्हणजे तरंग वायव्येकडे चाललाय, उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे ५९ अंश. उगम त्याच्या बरोबर उलट, आग्नेयेला. कराडहून त्या दिशेला रेघ ओढलीस तर ती बंगालच्या उपसागरावरून उत्तर सुमात्राकडे जाते. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू कराडहून साधारण याच दिशेला, सुमारे २,८०० किलोमीटरवर होता.

आता १२ हा आकडा. वरच्या कवचातल्या कठीण खडकात पहिला तरंग सेकंदाला ६ किलोमीटरच्या आसपास जातो. मग १२ का? कारण तरंग जमिनीखालून तिरका वर येतोय आणि यंत्रं सगळी पृष्ठभागावर आहेत. आपण के चे फक्त दोन आडवे घटक मोजले, उभा घटक मोजायला खोल विवरात यंत्र लागलं असतं. पण त्याची गरज नाही. खरा वेग ६ धरला तर के चं परिमाण ओमेगा भागिले ६, आडवा भाग ओमेगा भागिले १२. आडवा भाग बरोबर निम्मा, म्हणजे उभ्या रेषेशी कोन ३० अंश. तीन घड्याळांतल्या फरकावरून जमिनीखालून येणाऱ्या किरणाचा कल निघाला. सगळ्या हिशेबात कॉस कुठे लागला का बघ. फक्त कंसातलं रेषीय फल लागलं.

हा हिशेब घड्याळांवर किती अवलंबून असतो तेही पाहून ठेव. पूर्वेच्या यंत्राचं घड्याळ फक्त ०.०५ सेकंद चुकलं आणि ०.४३ च्या जागी ०.३८ मिळालं, तर भासमान वेग १३.१ येतो आणि दिशा तीन अंशांनी सरकते. म्हणून आता प्रत्येक यंत्राला जीपीएसचं घड्याळ असतं आणि तीनवर न थांबता शक्य तितकी यंत्रं लावतात. मग प्रत्येक उशिराचं एक समीकरण होतं आणि लघुतम वर्ग पद्धतीने सगळ्यांना एकत्र न्याय देणारा मंदता सदिश काढतात.

आता काल्पनिक संख्येकडे येऊ. ऑयलरचं सूत्र तुला माहीत आहे, १७४८ मध्ये छापलेलं: ई चा (आय × थीटा) घात = कॉस थीटा + आय × साइन थीटा. आपण तरंग असा लिहितो:

साय = ए × ई चा [आय(के·आर − ओमेगा·टी)] घात

आणि शेवटी याचा वास्तव भागच खरा तरंग आहे असं ठरवून ठेवतो. जमीन काही काल्पनिक दिशेने हलत नाही. मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? कारण विकलन. कॉसचं विकलन केलं की साइन होतो, साइनचं केलं की कॉस, चिन्हं फिरत राहतात, आणि माध्यमाच्या समीकरणात दोन्ही एकत्र आले की पानं भरतात. ई च्या घाताचं विकलन केलं तर तोच घात परत येतो, फक्त पुढे एक गुणक लागून. वेळेने विकलन केलं तर गुणक −आय × ओमेगा. एक्सने केलं तर आय × के-एक्स. म्हणजे विकलनाचं समीकरण साध्या बीजगणिताचं होतं. शिवाय ए हा स्वतः संमिश्र घेता येतो आणि सुरुवातीचा फेज त्याच्या पोटात मावतो.

हे किती कामाचं आहे ते खडकावरच दाखवतो. समांगी, सगळ्या दिशांना सारख्या स्थितिस्थापक घन पदार्थाचं गतीचं समीकरण दिसायला भयंकर असतं, तीन घटक एकमेकांत गुंतलेले. त्यात विस्थापन = यू × ई चा [आय(के·आर − ओमेगा·टी)] घात असं टाक, जिथे यू हा जमीन कोणत्या दिशेने हलते ते सांगणारा सदिश आहे. सगळी विकलनं के आणि ओमेगाच्या गुणाकारांत बदलतात आणि उरतं ते एवढंच:

घनता × ओमेगा वर्ग × यू = म्यू × के वर्ग × यू + (लॅम्डा + म्यू) × के × (के·यू)

इथला लॅम्डा म्हणजे तरंगलांबी नव्हे, म्यूसारखाच खडकाचा स्थितिस्थापक स्थिरांक आहे. उजवीकडचं शेवटचं पद के च्या दिशेला आहे. आता दोनच मार्ग उरतात. यू हा के ला काटकोनात असेल तर ते पद शून्य होतं आणि घनता × ओमेगा वर्ग = म्यू × के वर्ग. यू हा के च्याच दिशेला असेल तर घनता × ओमेगा वर्ग = (लॅम्डा + २ म्यू) × के वर्ग. म्हणजे एकाच खडकात दोन वेगांचे दोन तरंग. एकात कण तरंगाच्या दिशेने पुढेमागे होतात, तो अनुतरंग, पी. दुसऱ्यात काटकोनात हलतात, तो अवतरंग, एस. घन पदार्थात असे दोन तरंग असले पाहिजेत हे प्वासाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच कागदावर काढलं होतं. प्रत्यक्ष नोंदीवर ते वेगळे ओळखले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी, १८९७ च्या आसामच्या भूकंपाचा अभ्यास करताना. प्रतल तरंग समीकरणात टाकून दोन ओळींत जे निघतं ते खऱ्या जमिनीत सापडलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

द्रवात म्यू शून्य असतो. मग पहिल्या मार्गात ओमेगा शून्य येतो, म्हणजे एस तरंग द्रवातून जाऊच शकत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्यातून फक्त पी जाईल. खडकात एसचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या जवळपास, घनता घनमीटरला २,७०० किलो धरली तर म्यू सुमारे ३३ गिगापास्कल येतो. कोयनेत धक्का बसला तर कराडच्या नोंदीत पी नंतर साडेपाच सेकंदांच्या आसपास एस दिसतो. अंतराचा पहिला अंदाज आम्ही या फरकावरून बांधतो: एका सेकंदाला ढोबळमानाने ८ किलोमीटर.

संमिश्र रूप वापरताना एक पथ्य मात्र कडक पाळ. बेरीज, विकलन, स्थिरांकाने गुणणं, या क्रिया संमिश्र रूपावर खुशाल कर आणि वास्तव भाग शेवटी घे. वर्ग करायची वेळ आली, म्हणजे ऊर्जा किंवा तीव्रता काढायची असेल, तर वास्तव भाग आधी घ्यायचा. वास्तव भागाचा वर्ग आणि वर्गाचा वास्तव भाग या वेगळ्या गोष्टी आहेत. एका पूर्ण फेऱ्यावरची सरासरी हवी असेल तर ए च्या परिमाणाचा वर्ग भागिले २ हे थेट लिहिता येतं. परीक्षेत सगळ्यात जास्त गुण याच जागी जातात.

तुझा शेवटचा प्रश्न, असा तरंग असतो का? पूर्ण प्रतल तरंग नसतो. तो अनादि काळापासून अनंत काळापर्यंत आणि अवकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच आयामाने चाललेला, त्याची एकूण ऊर्जा अनंत होईल. खरा उगम लहान असतो आणि त्यातून तरंगाग्रं, म्हणजे सारख्या फेजचे पृष्ठभाग, गोल पसरतात. तरीही प्रतल तरंग चालतो, आणि कधी चालतो कधी नाही हे मोजता येतं.

त्रिज्या आर असलेल्या गोलाच्या पृष्ठभागाचा एल रुंदीचा तुकडा घेतला तर मध्ये तो सपाट प्रतलापासून किती फुगलेला असतो? आर हा एल पेक्षा बराच मोठा असेल तर एल वर्ग भागिले ८ आर. सुमात्राच्या तरंगासाठी आर २,८०० किलोमीटर, आणि यंत्रांचं जाळं २० किलोमीटर रुंद धर. फुगवटा ४०० भागिले २२,४००, म्हणजे सुमारे १८ मीटर. एका सेकंदाचा आवर्तकाल असलेल्या पी तरंगाची लांबी ६ किलोमीटर. त्यापुढे १८ मीटर म्हणजे काहीच नाही, फेजमध्ये रेडियनचा पन्नासावा भागसुद्धा फरक पडत नाही. तिथे तरंगाग्राला डोळे मिटून प्रतल म्हणावं.

उलट कोयनेचाच धक्का घे. उगम १० किलोमीटरवर, यंत्रांची रुंदीही १० किलोमीटर. इथे वरचं जवळचं सूत्र वापरायचं नाही, पायथागोरसने काढ: फुगवटा १.३४ किलोमीटर. जवळच्या लहान धक्क्यांत सेकंदाला १० आंदोलनं सहज असतात, त्यांची तरंगलांबी ०.६ किलोमीटर. फुगवटा दोन तरंगलांब्यांहून मोठा झाला. इथे प्रतल मानून दिशा काढलीस तर प्रत्येक जोडीतून वेगळं उत्तर येईल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ज्या भूकंपाने हादरवलं त्याचे तरंग कोयनानगरात प्रतल नव्हते, पण हजारो किलोमीटरवरच्या वेधशाळांना ते प्रतल म्हणूनच हाताळता आले. उगम तोच, फक्त किती लांबून आणि किती रुंद खिडकीतून बघतोय याने फरक पडला. फुगवटा तरंगलांबीच्या सोळाव्या भागापेक्षा कमी असेल तर मी सहसा प्रतल धरतो. हा माझा व्यवहारातला आडाखा, कडक नियम नव्हे.

जिथे तरंगाग्र गोल आहे तिथेही प्रतल तरंग निरुपयोगी होत नाही, आणि तो वापरात राहण्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. माध्यमाचं समीकरण रेषीय असेल तर दोन उकलींची बेरीज हीही उकलच असते. म्हणून वेगवेगळ्या दिशांचे, वेगवेगळ्या ओमेगाचे प्रतल तरंग योग्य प्रमाणात मिसळून हवा तो तरंग बांधता येतो. कोणताही आकार साइन-कॉसच्या बेरजेत लिहिता येतो ही फूर्ये यांची कल्पना जागेच्या तिन्ही मितींत नेली की हेच मिळतं. हर्मन वाइल यांनी १९१९ मध्ये गोलीय तरंगच प्रतल तरंगांच्या बेरजेत लिहून दाखवला. त्या बेरजेत काही तरंगांचा के-झेड काल्पनिक असतो. ई च्या घातात काल्पनिक के-झेड टाकून बघ: आय गुणिले आय म्हणजे −१, आणि आंदोलनाच्या जागी उंचीबरोबर विरत जाणारा आयाम मिळतो. रॅली यांनी १८८५ मध्ये वर्णन केलेले पृष्ठभागी तरंग अशाच, खोलीबरोबर विरणाऱ्या, पी आणि एसच्या जोडीने बनतात. मोठ्या आणि उथळ भूकंपात लांबवर जी सावकाश, लांबलचक हालचाल नोंदली जाते तिच्यात त्यांचा मोठा वाटा असतो.

सीमेवर काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण धागा तोच आहे. कोयना परिसरात घेतलेल्या खोल विंधनविवरांत काळ्या बेसॉल्टखाली साधारण एक किलोमीटरच्या आसपास ग्रॅनाइट-नाइसचा जुना पाया लागला. खालून येणारा तरंग या सीमेवर पोचला की दोन्ही बाजूंचं विस्थापन सीमेवरच्या प्रत्येक बिंदूवर, प्रत्येक क्षणी जुळलं पाहिजे, खडकाला तिथे फट पडत नाही. हे जुळायला दोन्हीकडचे फेज सीमेवर सारख्याच दराने बदलायला हवेत. म्हणून ओमेगा दोन्हीकडे एकच राहतो आणि के चा सीमेला समांतर घटकही एकच राहतो. स्नेलचा नियम, म्हणजे सीमेवर तरंग किती वळतो ते सांगणारा अपवर्तनाचा नियम, याहून वेगळा काही नाही. ग्रॅनाइटमध्ये ६ वेगाने ३० अंशांत आलेला तरंग बेसॉल्टमध्ये वेग ५ धरला तर २४.६ अंशांत जाईल. साइन ३० भागिले ६ आणि साइन २४.६ भागिले ५ करून बघ, दोन्ही एक भागिले १२. वर तीन यंत्रांवरून काढलेला १२ हाच. आडव्या थरांतून तरंग कितीही वळला तरी तो आकडा बदलत नाही, म्हणूनच पृष्ठभागावर बसून मोजलेल्या भासमान वेगाला एवढी किंमत आहे.

चिन्हांबद्दल एक गोष्ट. काही पुस्तकांत के·आर − ओमेगा·टी असतं, काहींत ओमेगा·टी − के·आर, आणि विद्युत अभियांत्रिकीवाले आयच्या जागी जे लिहितात. घाबरू नकोस. तरंग कुठे चाललाय हे दोन पदांच्या चिन्हांच्या नात्यावर ठरतं: दोन्हींची चिन्हं विरुद्ध असतील तर तरंग के च्या दिशेने जातो, सारखी असतील तर उलट. एका हिशेबात मात्र एकच प्रथा शेवटपर्यंत ठेव. संगणकाकडून फूर्ये रूपांतर करून घेताना त्या प्रणालीत वेळेच्या पदाचं चिन्ह कोणतं आहे ते आधी बघ, नाहीतर सगळ्या दिशा १८० अंशांनी फिरतील आणि सुमात्राचा भूकंप इराणच्या बाजूला निघेल.

आता एक हिशेब स्वतः कर. यंत्रं तीच: कराड, पूर्वेला ६ किलोमीटर, उत्तरेला ८ किलोमीटर. या वेळी तरंग पूर्वेला ०.३० सेकंद उशिरा आला आणि उत्तरेला ०.४० सेकंद उशिरा. मंदता सदिशाचे घटक, भासमान वेग, उगमाची दिशा आणि खडकातला वेग ६ धरून उभ्या रेषेशी कोन काढ. दोन्ही घटक ०.०५ यायला हवेत, वेग १४.१ किलोमीटर प्रति सेकंद, उगम नैऋत्येला, अरबी समुद्राच्या बाजूला, आणि कोन २५ अंशांच्या थोडा वर. उत्तर जुळलं की पूर्वेच्या घड्याळात ०.०५ सेकंदाची चूक घालून पुन्हा सोडव, आणि दिशा किती अंशांनी हलली ते मला कळव.